मुक्या सोबत्यांचं दवापाणी : घोड्याचा पाय दुखावला आणि डॉक्टर लांब

गेल्या आठवड्यात आपण घोड्याचं पोटदुखणं पाहिलं. आज पाय.

माथेरानात दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटार नेता येत नाही. जांभ्याच्या लाल वाटांवरून माणसं आणि सामान वाहण्यात घोड्याचा वाटा आजही मोठा आहे. पावसाळ्यात उतारावर नाल घसरते, खुराला दगड लागतो, पाय मुरगळतो. एक्स-रे किंवा शस्त्रक्रियेची वेळ आली तर डोंगर उतरून शहर गाठावं लागतं. म्हणून डॉक्टरच्या हाती घोडा पोचेपर्यंतचे पहिले काही तास अश्वपालाचे असतात, आणि पाय वाचेल की नाही हे पुष्कळदा त्याच तासांत ठरतं.

घोड्याच्या पुढच्या गुडघ्याखाली आणि मागच्या पायाच्या मोठ्या सांध्याखाली मांसल स्नायू जवळजवळ नसतातच. कातडी, तिच्याखाली कंडरा, अस्थिबंध आणि हाड, एवढंच. रक्तपुरवठा बेताचा. त्यामुळे मांडीवरची मोठी जखम भरून येते, पण नळीवरची बोटभर जखम महिनोन् महिने रेंगाळते.

आधी घोडा शांत उभा करा आणि बघा. विश्रांतीत त्याची नाडी मिनिटाला साधारण 28 ते 44 असते, ताप 38.3 अंश सेल्सियसपर्यंत. नाडी 60 च्या पुढे राहिली तर वेदना मोठी आहे असं समजा. मग सपाट, कडक जमिनीवर दहा पावलं चालवा. दुखरा पुढचा पाय टेकताना घोडा मान वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली सोडतो. त्यानंतर चारही खुरांवर हात ठेवून उष्णता ताडून पाहा आणि खुराच्या वरच्या सांध्यामागे बोट ठेवून ठोके तपासा. एकाच खुरात ऊब आणि जोरदार ठोके असतील तर दुखणं बहुधा खुरातच आहे. बरेचदा तो आत साठलेला पू असतो.

तीन गोष्टींत मात्र थांबायचं नाही, रात्र असली तरी. पहिली, सांध्याजवळची जखम. ती कितीही लहान दिसो, तिच्यातून पिवळसर, चिकट, तार धरणारं पाणी येत असेल तर सांधा उघडा पडला आहे, आणि त्यात एकदा जंतू पसरले की घोडा कायमचा जायबंदी होतो. दुसरी, तळव्यात रुतलेला खिळा. लगेच उपटू नका, कुठून आणि किती खोल गेला आहे हे डॉक्टरला दिसायला हवं. टेकताना तो आणखी आत जाणार असेल तरच काढा, पण आधी फोटो घ्या आणि भोकाभोवती खूण करा. तिसरी, घोडा पाय टेकवतच नसेल तर. हे नुसत्या पुवामुळेही होतं आणि हाड मोडल्यानेही, बाहेरून फरक कळत नाही. पाय लुळा लोंबत असेल तर घोड्याला चालवू नका. भरपूर कापूस गुंडाळून, वरचा आणि खालचा सांधा आधारात येईल अशी उभा चिरलेल्या पीव्हीसी पाइपची किंवा फळ्यांची खपची घट्ट बांधा.

बाकी दुखापतींत पहिले दोन दिवस थंड पाणी हेच मोठं औषध. सूज असेल तिथे 15 ते 20 मिनिटं धार धरा, दिवसातून तीन-चार वेळा. जखम असेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ घालून ती भरपूर धुवा. हळद, चुना, मोरचूद, वापरलेलं इंजिन ऑइल यांतलं काहीही लावू नका. नळीवरच्या जखमेतून लालभडक मांस वर फुगून येतं, ते मोरचुदाने जाळण्याची रीत आहे, पण त्याने नवी कातडीही जळते. डॉक्टरला ते मांस सहज छाटता येतं. त्यात वेदनेच्या नसा नसतात. पट्टीखाली कापसाचा जाड थर हवाच, नाहीतर दोरीसारखी आवळलेली पट्टी कंडराच कापते. धनुर्वाताला घोडा फार लवकर बळी पडतो. लसीचे सुरुवातीचे दोन डोस 4 ते 6 आठवड्यांच्या अंतराने आणि पुढे ठरलेल्या वेळी बूस्टर, हे चुकवू नका.

माणसाचं डायक्लोफेनॅक घोड्याला टोचू नका. जनावरांसाठी ते 2006 पासून बंद आहे, कारण औषध दिलेलं जनावर मेल्यावर त्याच्या मांसाने गिधाडं मरतात. दुखणं दाबून घोड्याला कामाला जुंपणं तर त्याहून वाईट, फाटत आलेली कंडरा अशा वेळीच तुटते. आणि डागणी. तापल्या लोखंडाने पाय डागल्याने कंडरा बरी होत नाही, हे ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी 1983 मध्ये दाखवून दिलं. तरीही कुठे कुठे डागतात. हे थांबलंच पाहिजे.

खरा उपाय विश्रांती, आणि गरिबाला तोच सर्वांत महाग पडतो. फाटलेल्या कंडरेला सहा महिने ते वर्ष लागतं. तेवढे दिवस रोजची कमाई बुडते, म्हणून लंगडता घोडा लवकर वाटेवर येतो. यात अश्वपालाला एकट्यालाच दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. हंगामात मिळकतीचा काही भाग आजारी घोड्यांसाठी सगळ्यांनी मिळून बाजूला ठेवणं हाच मला व्यवहार्य मार्ग दिसतो.

फोनवर सल्ला घेताना चालत्या घोड्याचे समोरून, मागून आणि बाजूने काढलेले छोटे व्हिडिओ पाठवा, सोबत नाडी आणि ताप लिहा. पशुवैद्यकीय मदतीसाठी 1962 हा क्रमांक आहे.

पुढच्या आठवड्यात नालबंदी. तोवर आपला घोडा धडधाकट असतानाच त्याची नाडी आणि ताप सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत नोंदवा.