कासव ओरडत नाही, बॉस!

घरातल्या कुणीतरी हौसेने कासव आणलंय आणि आता त्याच्याकडे बघायला कुणालाच वेळ नाही? मग हे वाचाच. कासवासाठी, आणि घरातल्या शांततेसाठीही!

कुत्रा उपाशी राहिला तर सोसायटी डोक्यावर घेतो. मांजर सरळ ओट्यावर चढून दुधाचं पातेलं गाठतं. कासवाचं तसं नसतं. त्याला खायला घातलं नाही, पाणी बदललं नाही, तरी ते आपलं गप्प. महिनोन् महिने गप्प. थंड रक्ताच्या या प्राण्याचं सगळंच स्लो मोशनमध्ये चालतं, आजारपणसुद्धा. म्हणून तर ‘मस्त आहे की, काही त्रास नाही त्याचा’ असं म्हणणाऱ्या घरात कासव हळूहळू मरत असतं आणि कुणाला पत्ताही नसतो.

हे सगळं मला कळलं ते माझ्या मावसभावामुळे. वय १९, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, स्वभावाने एकदम गोड. फक्त जबाबदारी हा विषय त्याच्या सिलॅबसमध्येच नाही! गिटार झाली, जिम झाली, आणि मग बर्थडेला मित्रांनी कासव दिलं. नाव ठेवलं टर्बो. पहिले पंधरा दिवस इन्स्टावर टर्बोच टर्बो. दीड वर्षाने मी कोथरूडला मावशीकडे राहायला गेले, तेव्हा टर्बो कपाटावर होता. काचेच्या गोल बाऊलमध्ये, जुन्या चार्जर्सच्या शेजारी. पाणी चहाच्या रंगाचं. दोन्ही डोळे सुजून बंद. पाठीच्या कडा वर वळलेल्या, आणि बोट लावलं तर कवच सादळलेल्या पापडासारखं दबत होतं.

‘‘ताई, झोपलाय गं तो. तो असाच असतो,’’ इति मालक.

आधी ओळखपरेड

मदत करायची तर पहिला प्रश्न : हे कासव नेमकं कोणतं? डोळ्यामागे लाल पट्टा असेल तर ते ‘रेड-इअर्ड स्लायडर’. मूळ गाव अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीचं खोरं. आपल्याकडे अ‍ॅक्वेरियमच्या दुकानातून घरोघरी गेलेलं कासव बहुतेक वेळा हेच असतं. टर्बोही त्यातलाच.

पण पाठीवर पिवळ्या चांदण्या असतील, किंवा ते आपल्या तळ्यातलं, नदीतलं देशी कासव असेल, तर मामला सीरियस आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार देशी कासवं घरात ठेवणं हा गुन्हा आहे. वास्तुशास्त्र, लकी चार्म वगैरे सबबी तिथे चालत नाहीत. अशा वेळी वनविभागाशी बोलायचं. महाराष्ट्रात त्यांची १९२६ ही हेल्पलाइन आहे. आणि कझिनकडे इग्वाना किंवा बॉल पायथन असेल, तर २०२४ च्या नियमांप्रमाणे अशा परदेशी प्राण्यांची सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी लागते. ती केलीय का, हे एकदा प्रेमाने विचारून घ्या!

डोळे का सुजले?

घराजवळच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं की ते कुत्री-मांजरीच बघतात. म्हणजे त्यांनी उगाच प्रयोग केले नाहीत, हे बरंच झालं. चार फोन केल्यावर शहराच्या दुसऱ्या टोकाला रेप्टाइल्स बघणाऱ्या डॉक्टर मिळाल्या. टर्बो टॉवेल घातलेल्या डब्यातून, रिक्षाने, माझ्या मांडीवर बसून गेला. एक्स-रे निघाला. त्यात हाडं इतकी फिकट दिसत होती, की काही न शिकताही मला कळलं.

कारण तीन. एक, दीड वर्ष फक्त वाळवलेल्या कोळंब्या खायला. त्यात कासवाला लागणारं सगळं नसतं. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडलं की डोळे सुजतात, घाण पाण्याने ते आणखी बिघडतं आणि दिसेनासं झालं की कासव खायचंच बंद करतं. दोन, अंग कोरडं करायला जागाच नाही. स्लायडर पोहतो, पण रोज पाण्याबाहेर येऊन शेकणं ही त्याची गरज आहे. आणि तीन, ऊन नाही. उन्हातल्या यूव्हीबी किरणांमुळे कासवाच्या अंगात ‘ड’ जीवनसत्त्व तयार होतं, त्याशिवाय कॅल्शियम हाडांत आणि कवचात मुरत नाही. मावशीचं म्हणणं, ‘‘अगं, खिडकीतून येतं की ऊन!’’ येतं, पण साधी काच यूव्हीबी जवळजवळ सगळे अडवते. काचेमागे बसलेल्या कासवाला ऊब मिळते, कामाचा भाग बाहेरच राहतो.

इंजेक्शन, कॅल्शियम, डोळ्यांची औषधं सुरू झाली. ‘अ’ जीवनसत्त्वाचे ड्रॉप्स घरच्या घरी पाजायचे नाहीत, जास्त झालं तर तेही बाधतं, अशी तंबी मिळाली. नाकातून बुडबुडे येणं, तोंड उघडून श्वास घेणं, एका बाजूला कलून पोहणं ही न्यूमोनियाची लक्षणं असू शकतात; तसं दिसलं तर त्याच दिवशी या, असंही डॉक्टरांनी बजावलं.

टबबाथ

मग राहायची सोय. इंपोर्टेड टँकची गरज नाही. आम्ही कपडे भिजवायचा मोठा प्लॅस्टिकचा टब आणला. त्यात गुळगुळीत चपटे दगड रचून एका बाजूला चढण केली, वर कोरडी जागा. हिशेब सोपा आहे : कवचाच्या दर इंचाला साधारण ४० लिटर पाणी. टर्बो तेव्हा चार इंचांचा होता. म्हणजे त्याला १६० लिटर हवं होतं, आणि बाऊलमध्ये मावत होतं जेमतेम तीन! टबही पुरेसा नव्हताच, पण आजारी कासवाला उथळ पाणी बरं, म्हणून सुरुवातीला तो चालून गेला. पुढे मोठी टाकी आणि फिल्टर आला.

पाणी २४ ते २७ अंश, शेकायची जागा ३० ते ३५. पुण्याच्या थंडीत हीटर लागतोच. यूव्हीबीचा बल्ब घेतला. हा बल्ब दिसायला वर्षानुवर्षं पेटतो, पण किरणं त्याआधीच संपतात, म्हणून सहा ते बारा महिन्यांत बदलायचा. शिवाय रोज सकाळी गॅलरीत कोवळं ऊन. अर्धा टब सावलीत हवाच, आणि काचेची टाकी उन्हात ठेवायची नाही. आत भट्टी होते.

खायला कासवांचे चांगले पेलेट्स आणि पालेभाज्या. पालक मात्र रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. भात, पोळी, ब्रेड बाद. आणि दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन, खाली वेगळा डबा ठेवून. ‘‘माझा पिठाचा काटा!’’ म्हणून मावशीने एकदाच आरडाओरडा केला, मग टर्बोसाठी स्वतंत्र काटा आला. तिचं बरोबरच होतं. कासवाच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. लहान मुलं आजारी पडायला लागली म्हणून अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. हात साबणाने धुवायचे आणि टाकीचं पाणी किचनच्या सिंकमध्ये ओतायचं नाही, इतकं पाळलं तरी पुष्कळ झालं.

मालकाला कसं हाताळायचं?

हा खरा कठीण चॅप्टर! मावशी रोज त्याला झापत होती आणि तो रोज खोलीचं दार लावून घेत होता. दार बंद म्हणजे टर्बोही आत बंद. फॅमिली ग्रुपवर फोटो टाकून त्याची शोभा करायची आयडियाही कुणीतरी काढली होती. मी म्हटलं, नको. लाजलेला माणूस प्राणी लपवतो, सांभाळत नाही.

मी त्याला एकच काम दिलं, त्याच्या आवडीचं. बल्ब आणि हीटरचं टायमर सर्किट. पठ्ठ्याने दोन रात्री जागून ते बसवलं. मग रविवारचं वजन त्याच्या फोनमध्ये आलं, मग त्या आकड्यांचा ग्राफ. तिसऱ्या आठवड्यात टर्बोने एक डोळा उघडला, तेव्हा कॉलेजमधून त्याचाच मला फोन होता. ‘‘ताई, त्याने माझ्याकडे बघितलं!’’ आवाज थोडा वेगळाच होता.

इथे सिनेमा संपला असता. पण दोन महिन्यांनी त्याला बंगळुरूला इंटर्नशिप लागली आणि टाकीचं पाणी पुन्हा हिरवं झालं. मी विचारलं, ‘‘हे कासव ३० वर्षं जगू शकतं. तू तेव्हा ४९ चा असशील. कुठे असशील?’’ बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘ताई, मला नाही जमत आहे. तू ठेवशील?’’

माझ्या मते सगळ्या प्रकरणातलं सर्वांत जबाबदार वाक्य हेच. आपल्याकडे ‘नाही जमत’ म्हणणं म्हणजे नापास होणं, म्हणून लोक ते म्हणतच नाहीत आणि बाऊल कपाटावर जातो. घरातल्या मोठ्या भावंडांनी करायचं काय, तर हे वाक्य म्हणायला जागा ठेवायची. म्हटल्यावर टोमणे मारायचे नाहीत. आम्ही साध्या मेसेजवर ठरवलं : टर्बो माझा, बल्बचा खर्च त्याचा, आणि ‘परत दे’ची भानगड नाही.

मुठेत सोडू या का?

मावशीचा प्लॅन बी तयार होता. ‘‘घाटावर नेऊन सोड, पुण्य लागेल.’’ हे असं पुण्य जगभर महाग पडलंय. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ‘निंजा टर्टल्स’च्या क्रेझमध्ये लाखो स्लायडर विकले गेले, मोठे झाल्यावर तळ्यात सोडले गेले. ते तिथे अन्न आणि ऊन खायच्या जागा बळकावतात, स्थानिक कासवांना हुसकावतात. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या प्रजातींच्या यादीत त्यांचं नाव आहे. युरोपीय संघाने १९९७ मध्ये आयात थांबवली; जपानने २०२३ मध्ये विक्री आणि बाहेर सोडणं दोन्हींवर बंदी आणली. भारतातही केरळ, आसाममधल्या पाण्यात ते सापडलेत. त्यामुळे नदी, तलाव, देवळाचं तळं, काहीही नाही. नवा मालक शोधा, नाहीतर प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेला आधी फोन करून विचारा.

टर्बोचं वजन आता वाढतंय, कवच घट्ट झालंय. वळलेल्या कडा मात्र कायमच्या तशाच राहतील, असं डॉक्टर म्हणतात.

लगेच करा!

- डोळ्यामागचा लाल पट्टा बघा. देशी कासव असेल तर १९२६.
- डोळे, कवच, नाक, पोहणं तपासा. शंका आली की रेप्टाइल्स बघणारे डॉक्टर गाठा.
- आजच करता येईल ते : स्वच्छ पाणी, चढायला कोरडा दगड, गॅलरीतलं कोवळं ऊन, बाजूला सावली.
- मालकाला एकच काम द्या, आणि ‘जमत नाही’ म्हणायची मुभाही.
- पुढचा बर्थडे कुणाचाही असो, गिफ्ट म्हणून कासव नको. पुस्तक द्या, हेडफोन्स द्या. ते कपाटावर पडून राहिले तरी चालतं!