पाट्यावर जळकं ऑईल टाकू नका. जिप्सी-पिकअपचा बुश निवडताना हे पाहा

माजरी (ता. भद्रावती) : मोहर्ली गेटवरून ताडोब्यात जाणारी जिप्सी असो की माजरीच्या कोळसा रस्त्यावर धावणारा पिकअप, खालून खटखट सुरू झाली की बरेच जण पाट्यांवर जळकं ऑईल टाकतात. दोन दिवस आवाज थांबतो. पण तेच ऑईल पाट्याच्या टोकातल्या रबरी बुशात उतरते. रबर फुगते, मऊ पडते आणि वेळेआधीच फाटते.

बुश करतो काय?
जिप्सीची चारही चाके पाट्यांवर आहेत. पाट्याचे एक टोक चेसिसला, तर दुसरे शॅकलला जोडलेले असते. या जोडात बुश बसतो. तो धक्का खातो आणि पाट्याला हलायला जागा देतो. बुश गेला की लोखंडावर लोखंड घासते, बोल्टची भोके मोठी होतात, गाडी एका बाजूला ओढते आणि टायर एकीकडूनच झिजतो. बुश स्वस्त, टायर महाग. शिवाय सफारीत मधेच गाडीखाली उतरून पाहायची मुभा नसते आणि मागे पर्यटक बसलेले असतात.

रबर की पॉली?
चांगले नैसर्गिक रबर लवचिक असते, धक्का जास्त खाते. डिझेल, ऑईल आणि ऊन हे त्याचे वैरी. पॉलियुरेथेन म्हणजे पॉली बुश ऑईलला दाद देत नाही, झिजतोही कमी. पण तो कडक असतो. धक्के बॉडीत येतात आणि योग्य ग्रीस नसेल तर तो करकरतो. म्हणून पर्यटक बसवून हळू चालणाऱ्या जिप्सीला रबरच बरे. ओझे वाहणाऱ्या, चिखल-ऑईलात राबणाऱ्या पिकअपला चांगल्या प्रतीचा पॉली चालतो.

दुकानात काय पाहाल?
आपल्या मॉडेलचा पार्ट नंबर जुळवा. बुश थोडा वाकवून पाहा, बारीक भेगा दिसल्या तर परत करा. दुकानाबाहेर उन्हात टांगलेला माल घेऊ नका. डावा-उजवा दोन्हीकडचे बुश सोबतच बदला.

खरी चूक बसवताना होते
गाडी जॅकवर, चाक लोंबकळत असताना मिस्त्री नट पूर्ण आवळतो. बुश त्याच स्थितीत घट्ट पकडला जातो. गाडी खाली आली की पाटा वजनाने सरळ होतो आणि रबर कायमचे पिळलेले राहते. मग महागातला बुशही टिकत नाही. त्यामुळे नट आधी हलकाच लावा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-चार वेळा दाबून हलवा आणि मगच पूर्ण आवळा. बुश आत जात नसेल तर साबणाचे पाणी लावा. रबराला साधे ग्रीस नको, सिलिकॉन ग्रीस चालते.

घरीच तपासा
गाडी सपाट जागी लावा, चाकांना दगड लावा. शॅकलजवळ टॉमी घालून हलवा. थोडा लवचिकपणा ठीक आहे, पण खडखड वाजले किंवा रबर बाहेर आलेले दिसले तर बुश बदला. पावसाळ्यात कोअरचे गेट बंद असते, जिप्सीवाल्यांनी हे काम तेव्हाच उरकून घ्यावे. हंगाम सुरू झाल्यावर गाडी मिस्त्रीकडे उभी राहिली, तर त्या दिवसाची फेरी गेलीच समजा.