इंजिनाच्या पोटातला कापूस

परवा एक गृहस्थ दम लागतो म्हणून दवाखान्यात आले. वय साठीच्या आसपास, हातात पिशवी, पिशवीत जुने एक्स-रे. क्षयाचा कोर्स दोनदा झालेला, पण थुंकीत जंतू एकदाही सापडले नव्हते. त्यातला एक कोर्स माझ्याच सल्ल्याने झाला होता. हे लिहायला संकोच वाटतो, पण लिहिले पाहिजे.

या खेपेस मी नीट तपासले. बोटांची टोके फुगून नखे पोपटाच्या चोचीसारखी वळली होती. पाठीवर खालच्या बाजूला स्टेथोस्कोप लावला, तर कानाजवळ केस चोळावेत तशी बारीक करकर ऐकू आली. तेव्हा कुठे विचारले, "तरुणपणी काय काम करत होता?"

"डॉक्टरसाहेब, इंजिनं तोडायचो."

रोग्याला त्याचा धंदा विचारा, असे रामाझिनी नावाच्या इटालियन वैद्याने १७०० साली लिहून ठेवले आहे. एवढा साधा प्रश्न मी इतकी वर्षे त्यांना विचारला नव्हता.

तरुण वाचकांनी वाफेचे इंजिन पाहिले असेल ते बहुधा संग्रहालयात. एकट्या चित्तरंजनच्या कारखान्यात १९५० ते १९७२ या काळात २३५१ वाफेची इंजिने तयार झाली. ब्रॉडगेजवरची वाफेची नियमित गाडी १९९५ साली थांबली आणि राहिलेली इंजिनेही भंगारात निघाली. ठेकेदार लिलावात इंजिन घेई, आणि गावोगावची पोरे गॅस कटरने त्याचे तुकडे करीत. बॉयलरची उष्णता वाया जाऊ नये म्हणून अनेक इंजिनांत त्यावर ॲस्बेस्टॉसचा जाड थर आणि वरून पत्रा असे. पत्रा काढला की पांढरट लोकरीसारखा हा माल हाताने ओरबाडून फेकायचा. "आम्ही त्याला कापूस म्हणायचो. त्यावर बसून भाकरी खायचो," गृहस्थ म्हणाले. तोंडाला फार तर रुमाल.

रुमालाचा इथे उपयोग नाही. ॲस्बेस्टॉसचे तंतू इतके सूक्ष्म असतात की विणलेल्या कापडातून सहज आत जातात. फुप्फुसात रुतले की शरीराला ते विरघळवता येत नाहीत. त्यांच्याभोवती हळूहळू व्रण धरतात, फुप्फुस कडक होते. याला ॲस्बेस्टॉसिस म्हणतात. तो बरा करणारे औषध नाही. याच तंतूंमुळे फुप्फुसाचा आणि त्यावरच्या आवरणाचा कर्करोगही होतो. हे सारे दिसू लागायला वीस ते चाळीस वर्षे लागतात. तोवर कामगार ते काम विसरलेला असतो. इंग्लंडात स्विंडन येथे रेल्वेचा मोठा कारखाना होता. इंजिने तिथे बांधलीही जात आणि मोडलीही जात. कारखाना १९८६ साली बंद पडला, पण आवरणाच्या या कर्करोगाला तिथे 'स्विंडनचा रोग' असे नाव पडले. आणखी एक गोष्ट बायाबापड्यांसाठी सांगतो: नवऱ्याचे धुळीने भरलेले कपडे झटकून धुणाऱ्या बायकांनाही हा रोग झाल्याची नोंद वैद्यकशास्त्रात आहे.

आमच्या गृहस्थांना मी जिल्ह्याच्या छातीच्या तज्ज्ञांकडे पाठवले. सीटी स्कॅनने शंका खरी ठरवली. बिडी त्याच दिवशी सोडायला लावली, कारण ॲस्बेस्टॉस आणि तंबाखूचा धूर एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. नुकसानभरपाईच्या कायद्यात हा रोग आहे. ॲस्बेस्टॉसच्या कामगारांच्या आरोग्याची नोंद निदान चाळीस वर्षे ठेवा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच बजावले. पण यांच्याजवळ हजेरीचा चिटोराही नाही. रोजी संध्याकाळी हातावर मिळायची.

आजही भंगाराच्या आवारात जुनी यंत्रे कापली जातात. जुना रंग गॅसने जाळला की त्यातल्या शिशाचा धूर निघतो, तो निराळाच विषय आहे. कटर चालवणाऱ्या मंडळींनी एवढे पाळावे: पांढरे तंतुमय काही दिसले तर हात लावू नये, मालकाला सांगून काम थांबवावे. कोरडा झाडू मारू नये. कामाचे कपडे घरी नेऊ नयेत, जेवणापूर्वी हात-तोंड साबणाने धुवावे. ज्यांनी पूर्वी असे काम केले आहे त्यांनी ते डॉक्टरांना आपणहून सांगावे. माझ्यासारखा एखादा विचारायचे विसरतो.

गृहस्थांच्या त्या वेळच्या टोळीतले दोन सोबती याच तालुक्यात आहेत. गुरुवारी त्यांना घेऊन यायला सांगितले आहे.