देणारे हात आणि पाहणारे डोळे

काशी ही विद्येची नगरी, मोक्षाची नगरी. तशीच ती अन्नाचीही नगरी आहे. विश्वनाथाच्या मंदिरापासून काही पावलांवर अन्नपूर्णेचे मंदिर आहे. सध्याचे मंदिर अठराव्या शतकात पहिल्या बाजीराव पेशव्यांनी उभारले, असे मानले जाते. अन्नपूर्णेच्या हाती शस्त्र नसते. असते ते अन्नाचे पात्र आणि पळी, आणि तिच्यापुढे भिक्षेसाठी उभा असतो तो साक्षात शंकर. दरवर्षी धनत्रयोदशीला देवीच्या सुवर्णमूर्तीचे दर्शन खुले होते, ते अन्नकूटाच्या सुमारापर्यंत चालते. त्या वेळी भाविकांना 'खजिना' म्हणून नाणे आणि लाह्या दिल्या जातात. आई-वडिलांचे बोट धरून रांगेत उभे असलेले मूल हे सारे पाहत असते. रांगेतून बाहेर पडल्यावर आई-वडील काय करतात, हेही ते पाहत असते. या पाहण्यातून मूल वाटून घेणे कसे शिकते, याचा विचार प्रत्येक घराने करण्याजोगा आहे.

उपदेश आणि आचरण

"एकट्याने खाऊ नये, ताईला दे," हे वाक्य ज्या घरात उच्चारले जात नाही असे मराठी घर क्वचितच सापडेल. एक तीळ सात जणांनी वाटून खावा, ही शिकवण आपल्या भाषेतच मुरलेली आहे. तरीही अनेक पालकांची तक्रार असते, की सांगून सांगून थकलो, पण मूल काही ऐकत नाही. मूल ऐकत नसले तरी पाहत मात्र असते, हे आपण विसरतो.

या प्रश्नाचा शोध मानसशास्त्रज्ञांनीही घेतला आहे. अमेरिकेतील जेम्स ब्रायन आणि नॅन्सी वॉलबेक या संशोधकांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात उद्बोधक आहे. प्राथमिक शाळेतील मुलांसमोर एक व्यक्ती खेळ खेळून बक्षीस मिळवत असे. बक्षिसातील काही भाग गरजू मुलांसाठी ठेवलेल्या पेटीत टाकण्याची सोय होती. कधी ती व्यक्ती दानाचा महिमा सांगे, पण पेटीत काहीच टाकत नसे. कधी स्वार्थाची भाषा बोले, पण प्रत्यक्षात देत असे. नंतर मुलांची पाळी आली, तेव्हा त्यांच्या देण्यावर परिणाम दिसला तो प्रामुख्याने पाहिलेल्या कृतीचा. ऐकलेल्या उपदेशाचा नव्हे.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात ग्रामीण भारतातील आणि अमेरिकेतील तीन ते आठ वर्षांच्या मुलांना त्यांच्याच पालकांचे देणे पाहू देण्यात आले. पालकांनी हात आखडता घेतला, तेव्हा दोन्ही देशांतील मुलांनीही तो आखडला. पालकांनी सढळ हाताने दिले, तेव्हा त्यांचे अनुकरण प्रामुख्याने भारतीय मुलांनी केले. कृपणतेचा धडा मुले कोठेही गिरवतात. औदार्याचा धडा गिरवण्याची तयारी आपल्या मुलांमध्ये आहे, ही आपल्यासाठी आनंदाची आणि तितकीच जबाबदारीची गोष्ट आहे.

गागोद्याचा फणस

याचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्रातच सापडते. आचार्य विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कोकणातील गागोदे या गावी झाला. आपल्या घडणीत आई रुक्मिणीबाईंचा वाटा फार मोठा आहे, असे ते आवर्जून सांगत. परसातील फणस पिकला की आई तो कापून गरे काढी, द्रोणांत भरी आणि ते शेजाऱ्यांच्या घरोघरी पोहोचवण्याचे काम लहानग्या विन्याकडे सोपवी. घरातल्या मुलांच्या वाट्याला फणस यायचा तो त्यानंतरच. आधी द्यावे, मग खावे, हा पाठ त्या मुलाने पायांनी चालून आणि हातांनी वाटून गिरवला.

त्याच घरात एक अंध वृद्ध गृहस्थ राहत. मुले त्यांना घरातलेच वडीलधारे समजत. कुटुंब बडोद्यास गेल्यावर त्यांच्या निधनाची वार्ता आली, पण घरात सुतक पाळले गेले नाही. मुलांनी कारण विचारले तेव्हा कळले, की त्यांचे आणि कुटुंबाचे रक्ताचे नातेच नव्हते. त्यांना कोणी नव्हते म्हणून आसरा दिला होता. आपण कोणावर उपकार करीत आहोत, असा भाव त्या घरात कधी प्रकट झाला नाही. म्हणूनच मुलांच्या तो ध्यानातही आला नाही.

याच विनोबांचा काशीशी आलेला संबंधही लक्षणीय आहे. २५ मार्च १९१६ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, ते परीक्षेसाठी मुंबईला निघाले आणि वाटेत सुरतेला उतरून काशीला गेले. तेथे ते एका अन्नछत्रात दिवसातून एकदा जेवत. जेवणाबरोबर दोन पैसे दक्षिणा मिळे, त्यावर संध्याकाळच्या खाण्याची सोय होई. घरोघरी गरे पोहोचवणारा मुलगा येथे घेणाऱ्यांच्या पंक्तीत बसला. देणे आणि घेणे या दोन्ही बाजूंचा अनुभव असलेल्या या माणसापुढे १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली येथे रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर जमीन ठेवली आणि भूदानाचा प्रारंभ झाला. पुढे विनोबा जमीनमालकांना सांगत, तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा हिस्सा द्या. भीक न मागता घरातला वाटा मागण्याची ही रीत गागोद्याच्या घराशी सुसंगतच म्हणावी लागेल.

कोणाला द्यायचे, हेही मूल शिकते

येथे एक अप्रिय गोष्टही नमूद केली पाहिजे. जुन्या काळी अनेक अन्नछत्रांतून पंक्तिभेद पाळला जाई. अन्न उदारपणे वाढले जाई, पण ते कोणाला वाढायचे याची सीमा आखलेली असे. ते पाहणारे मूल देण्याबरोबर ती सीमाही शिकत असे.

आज अशा पंक्ती उघडपणे दिसत नसल्या, तरी घरकामाला येणाऱ्या मावशींना चहा वेगळ्या कपात दिला जातो का, शिळे अन्नच तेवढे 'गरिबांसाठी' बाजूला काढले जाते का, वाढदिवसाला सोसायटीतील सर्व मुलांना बोलावले तरी पहारेकऱ्याच्या मुलाला वगळले जाते का, हे मूल अचूक टिपते. आपण तोंडाने समतेचे कितीही गोडवे गायिले, तरी मुलाच्या मनावर कोरला जातो तो कपांमधला फरक.

न दिसणारे दान

आपल्या पिढीपुढे आणखी एक नवा प्रश्न आहे, आणि बँकेशी संबंधित असल्याने तो आपल्या अधिक जवळचा आहे. पूर्वी दारी आलेल्या याचकाला पसाभर धान्य देणे, देवळाच्या पेटीत नाणे टाकणे, पूरग्रस्तांच्या मदतफेरीत नोट देणे हे सारे मुलांच्या डोळ्यांदेखत घडे. २०१६ मध्ये यूपीआय सेवा सुरू झाल्यानंतर व्यवहार बोटाच्या एका स्पर्शाने होऊ लागले. अनेक सहृदय खातेदार दरमहा ठरावीक रक्कम अनाथाश्रमाला किंवा रुग्णालयाला परस्पर वळती करण्याची सूचना बँकेला देऊन ठेवतात. ही सोय उत्तमच आहे; त्यात नियमितता आहे, हिशेब आहे, सुरक्षितता आहे. परंतु मुलाला दिसतात ते फक्त मोबाईलवर खिळलेले आई-वडील. ते बूट मागवत आहेत की कोणाच्या औषधांचा खर्च उचलत आहेत, हे त्याला कसे कळावे?

या हाताचे त्या हाताला कळू नये, असे गुप्तदानाचे माहात्म्य आपल्या परंपरेने सांगितले आहे. ते योग्यच आहे. परंतु दान जगापासून लपवावे, स्वतःच्या मुलांपासून नव्हे. मुलाला शेजारी बसवून आपण ही रक्कम कोणाला, का आणि आपल्या मिळकतीतून पाठवत आहोत, हे दोन वाक्यांत सांगणे म्हणजे मिरवणे नव्हे. रक्कम लहान असली तरी चालेल. शक्य असेल तेव्हा त्या संस्थेत मुलासह प्रत्यक्ष जावे, म्हणजे आकड्यामागची माणसे त्याला भेटतील.

बचतीच्या सवयीलाही याची जोड देता येईल. रिझर्व्ह बँकेच्या धोरणानुसार दहा वर्षांवरील मुलांना, बँकेने घातलेल्या मर्यादेत, आपले बचत खाते स्वतः चालवता येते. खाते उघडताना साठवायचे किती, हे आपण मुलाला शिकवतो; त्याच दिवशी त्यातले वाटायचे किती, हेही त्याला स्वतःला ठरवू द्यावे. ठरवणारा हात त्याचाच असावा. आपण केवळ आपला वाटा त्याच्यादेखत बाजूला काढावा.

विनोबांनी १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात मांडलेल्या सर्वोदय-पात्राच्या कल्पनेत नेमके हेच होते. प्रत्येक घरात एक पात्र ठेवावे आणि त्यात समाजासाठी रोज मूठभर धान्य टाकावे. ते मोठ्यांनी न टाकता घरातील लहान मुलाने आपल्या मुठीने टाकावे, असा त्यांचा आग्रह होता. मुलाच्या मुठीत धान्य कमी मावते, हे त्यांना ठाऊक होते. परंतु पात्र भरण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, मोल रोज उघडणाऱ्या त्या मुठीला होते.