आधी ब्रेक, मग वेग: फुटबॉल खेळणाऱ्या मुलींसाठी

नागपुरात फुटबॉल म्हटलं की विजय बारसे सर आठवतात. हिस्लॉप कॉलेजचे माजी क्रीडाशिक्षक. २००१ मध्ये त्यांनी वस्तीतल्या पोरांना घेऊन जे सुरू केलं, त्यातून ‘स्लम सॉकर’ उभं राहिलं. नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ त्यावरच बेतलेला. तिथे मुलीही खेळतात. आणि खेळणाऱ्या प्रत्येक मुलीला एक प्रश्न असतोच: माझा वेग कसा वाढेल?

उत्तर ऐकून हसू नका. आधी थांबायला शिका.

काय होतं, फुटबॉलमध्ये सरळ १०० मीटर कोणी पळत नाही. १०-२० मीटर पळा, थांबा, वळा, पुन्हा पळा. गुडघ्यातला एसीएल हा लिगामेंट बहुतेक वेळा याच थांबण्या-वळण्यात किंवा उडी मारून खाली येताना फाटतो, कोणी धक्का न देता! मुलींमध्ये हा धोका मुलांच्या साधारण दोन ते तीन पट. एक मोठं कारण म्हणजे पाय टेकताना गुडघा आत वळणं. २०२३ च्या वर्ल्ड कपला इंग्लंडची कॅप्टन लिया विल्यमसन एसीएलमुळेच मुकली.

मग करायचं काय?

पहिलं, वॉर्म-अप. ‘फिफा ११ प्लस’ मोफत आहे, २० मिनिटांचा: ८ मिनिटं हळू पळणं, १० मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, शेवटी २ मिनिटं जोरात पळणं. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या मुलींवर याचा अभ्यास झाला, २००८ मध्ये छापून आला. गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या होत्या.

दुसरं, ब्रेक. १० मीटर पळा आणि तीन छोट्या पावलांत थांबा. कंबर खाली, गुडघा पंजाच्या रेषेत. मैत्रिणीला समोरून मोबाइलवर शूट करायला सांगा. गुडघा आत जातोय का, लगेच दिसेल.

तिसरं, वळणं. कोन नाहीत? चपला ठेवा. मधून ५ मीटर उजवीकडे, परत १० मीटर डावीकडे, पुन्हा ५ मीटर मध्ये. जमलं की मैत्रीण ऐनवेळी हात दाखवेल, त्या बाजूला पळा. खरी चपळाई हीच. नुसत्या लॅडरवर पाय नाचवून ती येत नाही.

प्रत्येक फेरीनंतर मिनिटभर थांबा. दमून पळालात तर स्टॅमिना वाढेल, वेग नाही. आठवड्यातून दोन दिवस पुरे. आणि आपला मे महिना, पारा ४५ च्या आसपास! पहाटेच उरका, पाणी सोबत ठेवा.

आपल्याकडे मुलीला मैदानावर जायची परवानगी मिळायलाच किती वेळ लागतो. एसीएल फाटला की नऊ महिने किंवा जास्तच बाहेर. तेवढ्यात घरचे म्हणतात, “पुरे झालं आता.” म्हणून ती २० मिनिटं टाळू नका. कोच विसरले, तर तुम्ही आठवण करून द्या.

हा भाग टीमच्या ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या भागात!