वसंताच्या शहरात डिसेंबर

डिसेंबर उजाडला की आपल्या मंडळात दोनच विषय निघतात. भारतात कोण कधी जातंय, आणि बर्फ कधी पडणार. या दोन्हींच्या मधली एक वाट आम्ही मंडळातल्या चार निवृत्त जोडप्यांनी शोधली. भारतात जाताना आठवडाभर चीनमधल्या कुनमिंग शहरात उतरलो. परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "अहो, हिवाळ्यात चीन? गोठला नाहीत?" संपादकांनी बजावलं आहे की प्रवासवर्णन नको, लोकांना उपयोगी पडेल असं लिहा. म्हणून आमचे फोटो आणि गुडघे बाजूला ठेवून मुद्द्यावर येतो.

चीनच्या नैऋत्येला युनान प्रांत आहे. त्याच्या सीमा ब्रह्मदेश, लाओस आणि व्हिएतनामला लागतात. कुनमिंग ही त्याची राजधानी, समुद्रसपाटीपासून सुमारे १,८९० मीटर, म्हणजे ६,२०० फूट उंचावर. आपलं महाबळेश्वर साधारण साडेचार हजार फुटांवर, आणि 'माइल हाय' म्हणून मिरवणारं डेन्व्हर ५,२८० फुटांवर. कुनमिंग दोघांच्याही वर! (डेन्व्हर आणि कुनमिंग १९८६ पासून सिस्टर सिटी आहेत, बरं का.) तरीही जानेवारीत दुपारी तिथे १५-१६ सेल्सियस, म्हणजे आपल्या भाषेत साठ फॅरनहाइट असतं. रात्री मात्र पारा तीनाच्या आसपास उतरतो. चिनी लोक या गावाला 'वसंताचं शहर' म्हणतात.

हे कसं जमतं? निम्मं उत्तर नकाशात आहे. कुनमिंग २५ अक्षांशावर आहे, म्हणजे जवळजवळ आपल्या प्रयागराजच्या किंवा इकडच्या मायामीच्या ओळीत. उंचीमुळे उन्हाळा तापत नाही आणि अक्षांशामुळे हिवाळा गोठत नाही. उरलेलं निम्मं उत्तर आम्हाला जास्त आवडलं. सायबेरियातली थंड हवा हिवाळ्यात चीनच्या सपाट प्रदेशावरून दक्षिणेकडे पसरत येते. पण थंड हवा जड असते, ती उंच चढत नाही. युनानच्या पठाराच्या पूर्वेकडच्या चढावर येऊन ती अडकते आणि दिवसच्या दिवस तिथेच बसून राहते. त्यामुळे पूर्वेकडच्या क्वेयांग शहरात ढग आणि रिपरिप, तर कुनमिंगमध्ये लख्ख ऊन. आणि कुनमिंगवर तेव्हा वाहणारी कोरडी, उबदार हवा कुठून येते? पश्चिमेकडून, हिमालयाच्या दक्षिण अंगाने, आपल्या उत्तर भारतावरून! पाऊसही आपल्याच मोसमातला, मे अखेरपासून ऑक्टोबरपर्यंत. नोव्हेंबर ते एप्रिल छत्री फारशी लागत नाही.

कधी तरी सायबेरियाची हवा तो चढ ओलांडतेच. डिसेंबर २०१३ आणि जानेवारी २०१६ मध्ये कुनमिंगमध्ये चक्क बर्फ पडला. म्हणून कोट घरी ठेवून जाऊ नये. दुसरं कारण त्याहून महत्त्वाचं आहे. चीनमध्ये सरकारी सेंट्रल हीटिंग छिनलिंग पर्वत आणि ह्वाय नदीच्या उत्तरेलाच, दक्षिणेला नाही. कुनमिंग दक्षिणेत मोडतं. त्यामुळे घरं, दुकानं, छोटी रेस्टॉरंट्स सगळी थंडगार, आणि रस्त्यावरचं ऊन उबदार! अमेरिकेत आपल्याला उलटी सवय, बाहेर गारठा आणि आत शर्टावर बसायचं. तिथे लोक जेवतानाही जाकीट काढत नाहीत. आई-बाबांना घेऊन जाणार असाल तर खोलीत गरम हवेची सोय आहे का, हे बुकिंग करतानाच विचारा. थर्मल आणि लोकरी मोजे सामानात नको, हातातल्या बॅगेत घ्या. पहिल्या दिवशी हळू चाला, पाणी भरपूर प्या. ज्यांना हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास आहे त्यांनी सहा हजार फुटांबद्दल निघण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. ऊन कोवळं वाटतं पण उंचीमुळे चांगलंच भाजतं, तेव्हा टोपी हवीच.

शहराच्या मध्यावर छुइहू, म्हणजे पाचूचं तळं आहे. हिवाळ्यात तिथे गेलात की आधी ऐकू येतो तो कलकलाट. हजारो पांढरे कुरव पक्षी सायबेरियाकडून येऊन तळ्यावर उतरलेले असतात. याच जातीचे पाहुणे हिवाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यावरही येतात. पुस्तकात नाव 'काळ्या डोक्याचा कुरव', पण हिवाळ्यात डोकं काळं नसतंच, डोळ्यामागे नुसता काळा ठिपका राहतो. म्हणून कोणी पुस्तक उघडून वाद घालत बसू नये, जसा आम्ही तासभर घातला. कुनमिंग शहरात हे पक्षी पहिल्यांदा १९८५ च्या नोव्हेंबरात आले. का आले, याबद्दल तर्क पुष्कळ आहेत. पण त्यानंतर ते दर वर्षी येत राहिले, यात माणसांचा वाटा नक्की आहे.

त्यांतल्या एका माणसाचा पुतळा तळ्याकाठी आहे. वू छिंगहंग हे त्यांचं नाव, पण गाव त्यांना 'कुरववाले आजोबा' म्हणूनच ओळखतं. एकटे राहणारे, पेन्शनवर जगणारे गृहस्थ. हिवाळाभर ते गावाबाहेरून चालत तळ्यावर यायचे आणि पेन्शनमधला मोठा हिस्सा पक्ष्यांच्या खाण्यावर घालवायचे. स्वतःच्या अंगावर जुने, विटलेले कपडे. दहाएक वर्षं हे चाललं. डिसेंबर १९९५ मध्ये ते वारले. त्यांच्यावरचा धडा चीनच्या शाळांमधल्या सहावीच्या भाषेच्या पुस्तकात होता, त्यामुळे देशभरच्या मुलांना ते माहीत झाले. आम्ही गेलो तेव्हा पुतळ्यापाशी एक आजी नातवाला हे सगळं सांगत होत्या. भाषा कळली नाही, पण काय सांगतायत ते कळलं. देणगीच्या पुस्तिकेत हे लिहिताना आम्हाला त्या पेन्शनचा हिशेब आठवतो, एवढंच.

खाणं मात्र तिथे विकतात तेच द्यावं, पावासारखे छोटे तुकडे पाकिटात मिळतात. मुंबईत लोक या पक्ष्यांना शेव-गाठिया घालतात, ते तिखटमीठ आणि तेल त्यांच्या पोटाला बरं नव्हे. तळ्यावर गर्दी वाटली तर शहराच्या दक्षिणेला त्येनछी हे मोठं सरोवर आहे, जवळजवळ ३०० चौरस किलोमीटरचं. तिथल्या हायकंग बांधावर पक्षी आणखी जास्त. या सरोवरात एकेकाळी कारखान्यांचं आणि गटाराचं पाणी सोडून हिरवा चिखल झाला होता. पुढे अब्जावधी युआन खर्चून ते सुधारायला घेतलं, आणि अजूनही ते काम चालूच आहे.

आता जरा इतिहास, कारण कुनमिंगमध्ये भारत आणि अमेरिका दोघेही भेटतात. चीन म्हटलं की आपल्याला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ मध्ये मुंबईहून निघालेल्या वैद्यकीय पथकातून ते गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच गेले. पण त्यांचं काम उत्तर चीनमध्ये होतं, कुनमिंगला त्यांची खूण शोधू नये. कुनमिंगची गोष्ट वेगळी, आणि ती आपल्या मुलांना अमेरिकेच्या शाळेतही क्वचितच कोणी सांगतं.

जपानने चीनचा किनारा घेतल्यावर बाहेरून माल आणायला कुनमिंग ते ब्रह्मदेशातलं लाशिओ असा रस्ता उरला. तो १९३७-३८ मध्ये दोन लाखांच्या आसपास गावकऱ्यांनी, त्यात बाया, म्हातारे आणि मुलंही, बहुतेक हातांनीच खोदला होता. १९४२ च्या एप्रिलमध्ये लाशिओ पडलं आणि तोही बंद झाला. मग अमेरिकन वैमानिकांनी आसाममधल्या छाबुआ, दिंजानसारख्या धावपट्ट्यांवरून पेट्रोल, दारूगोळा, औषधं भरून हिमालयाच्या पूर्व टोकावरून कुनमिंगला न्यायला सुरुवात केली. या वाटेचं नाव 'हम्प', म्हणजे उंटाचं मदार. १९४५ पर्यंत साधारण साडेसहा लाख टन माल असा गेला. शेकडो विमानं पडली. वैमानिक म्हणायचे की स्वच्छ दिवशी खाली चमकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यांवरून वाट कळते. त्याआधी, २० डिसेंबर १९४१ रोजी, शेनॉल्ट यांच्या 'फ्लाइंग टायगर्स'नी आपली पहिली लढाई याच आकाशात केली होती. त्यांचा वूच्याबा विमानतळ २०१२ मध्ये बंद झाला, पण कुनमिंगच्या शहर संग्रहालयात त्यांचं दालन आहे, आणि पश्चिमेच्या टेकड्यांत एका बागेत हम्पचं स्मारक.

आसाममधल्या लेडोपासून नवा रस्ताही बांधला गेला. पहिला ताफा ४ फेब्रुवारी १९४५ रोजी कुनमिंगला पोचला. त्यावर अमेरिकेचे सुमारे १५,००० सैनिक राबले, त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय, आणि जोडीला हजारो भारतीय मजूर. मेलेल्या अमेरिकनांचा आकडा नोंदलेला आहे, हजाराच्या वर. मजुरांची अशी मोजदाद झाली नाही. आमच्यापैकी एकाने स्मारकापाशी उभं राहून मोठ्याने विचारलं, "आपल्या माणसांची नावं कुठे आहेत?" कोणाकडेच उत्तर नव्हतं.

पाहण्यासारखं बाकी पुष्कळ. आग्नेयेला ८० किलोमीटरवर शलिन, म्हणजे दगडांचं जंगल. चुनखडीचे सुळके, वर्ष २००७ पासून जागतिक वारसा. गुडघे दुखणाऱ्यांनी पायऱ्यांच्या वाटा सोडून सपाट भागात फिरावं, काही चुकत नाही. गावात युआनथोंग मंदिर हजार वर्षांपेक्षा जुनं. संध्याकाळी तौनानचा फूलबाजार जरूर गाठा. दादरचा फूलबाजार आठवेल, फक्त इथे गुलाबाचे भारेच्या भारे, आणि भाव ऐकून अमेरिकेतला व्हॅलेंटाइन डे आठवून वाईट वाटेल.

आता पोटोबा. चायनीज म्हणजे गोबी मंचुरियन, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी ती विमानतळावरच सोडावी. इथलं प्रसिद्ध जेवण म्हणजे 'पूल ओलांडून आलेल्या शेवया'. कढत रश्श्यावर तेलाचा थर असतो, तो वाफ कोंडून ठेवतो, आणि त्यात तांदळाच्या शेवया व बाकीचं आपण ताटलीतून घालायचं. रस्सा कोंबडीचा किंवा डुकराच्या हाडांचा असतो, तेव्हा 'भाज्याच घाला' म्हणून शाकाहारी होत नाही. "वो छ् सू", म्हणजे मी शाकाहारी, हे कागदावर चिनीत लिहून घ्या आणि दाखवा. देवळांजवळची शाकाहारी खानावळ सगळ्यात बिनधोक. रुपिंग नावाचं शेळीच्या दुधाचं पनीर मिळतं, तव्यावर भाजून, मीठ किंवा साखर लावून. आमच्यातल्या दोघींनी ते रोज खाल्लं. आणि गुलाबाच्या पाकळ्यांचे गोड पुडे मिळतात. आतलं सारण थेट गुलकंद! फक्त वरच्या आवरणात पुष्कळदा डुकराची चरबी असते, विचारून घ्या.

शेवटी कागदपत्रं, कारण एकाच घरात दोन रंगांचे पासपोर्ट असतात. डिसेंबर २०२४ पासून अमेरिकन पासपोर्टवाल्यांना तिसऱ्या देशात पुढे जाताना चीनमध्ये २४० तास व्हिसाशिवाय थांबता येतं, आणि त्यात कुनमिंगचा विमानतळ आहे. पुढचं पक्कं तिकीट हातात हवं. भारतीय पासपोर्टला ही सवलत नाही, ग्रीन कार्ड असलं तरी नाही. त्यांनी आधी व्हिसा काढायचा. नियम बदलतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी वकिलातीत खात्री करा. भारत-चीन थेट विमानं २०२० मध्ये थांबली होती, ती २०२५ च्या ऑक्टोबरपासून पुन्हा सुरू झाली आहेत. कोणाला आमची आठ दिवसांची आखणी हवी असेल तर संक्रांतीच्या कार्यक्रमात विचारा, तिळगुळाच्या टेबलापाशीच असू.