गोष्ट कशासाठी सांगायची?



‘आमच्याकडं सांगण्यासारखं काय आहे?’ असं तुम्ही म्हणता, आणि बोलायला बसलात की तास पुरत नाही. गोष्टी भरपूर असतात. ती कशासाठी सांगायची, हेच उमगत नाही.

उलव्याच्या एका मावशींचं ऐका. नवी मुंबईच्या विमानतळासाठी तिथली सुमारे 90 मीटर उंच टेकडी सुरुंग लावून कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, दहा गावं उठली. 8 ऑक्टोबर 2025 ला विमानतळाचं उद्घाटन झालं. मावशी हे सगळं सांगत होत्या: सुरुंगाचे हादरे, खाडीकाठची भातशेती, माहेरचं पाडलेलं घर.

आम्ही मध्ये बोललो नाही. मग त्यांचंच बोलणं त्यांना ऐकवलं. टेकडीचं बोलता बोलता त्या तीनदा एकाच जागी आल्या होत्या: भावानं हक्कसोडपत्र पुढं केलं आणि त्यांनी न वाचता सही केली.

आम्ही विचारलं, “मावशी, हे कुणाला ऐकवायचंय?”

त्या थांबल्या. “माझ्या लेकीला. तिच्यापुढंबी कागद येल.”

तिथं गोष्टीचं मूळ सापडलं. मग काय ठेवायचं, काय गाळायचं, हे मावशींनीच ठरवलं. सुरुंग दोन वाक्यांत आटोपले. सहीचा दिवस मात्र सविस्तर आला: घाई कुणाला होती, कागद कुणी वाचला, माहेर तुटेल ही भीती कशी वाटली. भावाला शिव्या घातल्या नाहीत. त्यांचा तो हेतूच नव्हता. जोडीला आम्ही एवढंच सांगितलं, की 2005 च्या कायदादुरुस्तीनं हिंदू कुटुंबातल्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, आणि हक्क सोडायचा की नाही, हे तिनं ठरवायचं.

हीच गोष्ट नातीला गाव कळावं म्हणून सांगितली असती, तर सही मागं पडली असती. शेतांची नावं, विहीर, खाडीची भरती पुढं आली असती.

तुम्हीही करून बघा. मैत्रिणीला गोष्ट एकदा सलग सांगा. तुम्ही पुन्हा पुन्हा कुठं आलात, आवाज कुठं अडला, हे तिला विचारा. मग एक वाक्य पुरं करा: ‘हे ऐकून तिनं...’ ते वाक्य गोष्टीत बोलायचं नाही, मनात धरायचं. गोष्ट नीट सांगितली, की ऐकणारीला ते आपोआप कळतं.

पुढच्या बैठकीला तुमची गोष्ट घेऊन या. आम्ही ऐकतोय.